पृथ्वी मोजणारे कर्नल लॅम्ब्टन

पदार्थविज्ञानाच्या अभ्यासास आरंभ होतो तो मोजमापापासून. फूटपट्टी, घड्याळ, तराजू व उष्णतामापक हीं साधनें नव्या विद्यार्थ्याच्या हातीं प्रथम येतात, आणि त्यास वाटतें कीं, ह्यांत शिकावयाचें तें काय? पट्टी लावावी, आंकडा वाचावा, वहींत उतरावा, कीं झालें काम! हा समज किती अपुरा आहे हें ज्यांच्या चरित्रावरून चांगलें कळून येतें, अशा एका थोर पुरुषाची हकीकत आम्ही येथें देत आहों. हिमालयाच्या सर्वोच्च शिखरास ज्यांचें नांव मिळालें ते सर जॉर्ज एव्हरेस्ट सर्वांच्या परिचयाचे आहेत. एव्हरेस्ट साहेब ज्यांच्या हाताखालीं मोजणीच्या कामीं लागले, ते कर्नल विल्यम लॅम्ब्टन हे आमचे चरित्रनायक होत.

लॅम्ब्टन ह्यांचा जन्म इ. स. १७५३ च्या सुमारास इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्यांत एका गरीब घरीं झाला. गणितांत त्यांची गति लहानपणापासून चांगली होती. सैन्यांत शिरल्यावर ते अमेरिकेंत गेले व तेथें बरींच वर्षें राहिले. तेथें एका सूर्यग्रहणाचें निरीक्षण करीत असतां त्यांच्या एका डोळ्यास कायमची इजा झाली. तरी आकाशाकडे पाहण्याचा त्यांचा नाद सुटला नाहीं, आणि तोच पुढें उपयोगी पडला. १७९९ सालीं टिपू सुलतानावरील स्वारींत इंग्रजांची एक तुकडी रात्रीच्या अंधारांत दिशा चुकून शत्रूच्या गोटाकडेच चालली होती. लॅम्ब्टन ह्यांनीं ताऱ्यांवरून ही चूक ओळखून सेनापतीच्या नजरेस आणली, व तुकडी संकटांतून बचावली.

युद्ध संपल्यावर त्यांनीं सरकारापुढें एक योजना मांडली. मद्रासच्या किनाऱ्यापासून मलबारच्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची माळ गुंफून देशाची मोजणी करावी, आणि त्याबरोबरच पृथ्वीचा आकारहि ठरवावा, असा त्यांचा हेतु होता. पृथ्वी पूर्ण गोल नसून ध्रुवांपाशीं किंचित् चपटी आहे. त्यामुळें अक्षांशाच्या एका अंशाची लांबी विषुववृत्ताजवळ थोडी कमी, व ध्रुवांकडे थोडी अधिक भरते. हा फरक नीट मोजला तर चपटेपणाचें मान काढतां येतें. श्रीरंगपट्टणास जावयाचें असेल तर पालखीच्या भोयांस सांगितलें म्हणजे पुरे, त्यासाठीं एवढा खर्च कशाला, असा आक्षेपहि निघाला. तथापि योजनेस मंजुरी मिळाली.

त्रिकोणाची एक बाजू व तिच्या दोन टोकांचे कोन कळले कीं उरलेल्या बाजू गणितानें निघतात, हें भूमितीच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. म्हणून जमिनीवर प्रत्यक्ष मोजावयाची ती मुख्यतः एकच रेषा. पुढील सर्व काम कोनांचें. परंतु त्या रेषेंत जी चूक राहील, ती पुढच्या प्रत्येक त्रिकोणांत उतरणार.

ही पायारेषा लॅम्ब्टन ह्यांनीं १८०२ च्या एप्रिल महिन्यांत मद्रासजवळ सेंट टॉमस टेकडीपाशीं मोजावयास घेतली. तिची लांबी साडेसात मैलांहून किंचित् अधिक भरली. माप १०० फुटी पोलादी साखळीनें घ्यावयाचें होतें. उंचसखल जमिनीवर ती नुसती टाकून चालण्यासारखें नव्हतें. म्हणून तिवयांवर लाकडी पेट्या एका पातळींत मांडून त्यांतून ती पसरीत, आणि दर वेळीं तिला सारखाच ताण बसावा म्हणून टोकास ठराविक वजन लावीत. पेट्यांत उष्णतामापकहि ठेवीत, कारण धातु तापला कीं प्रसरण पावतो. अशी साखळी फॅरनहाइटच्या एका अंशानें तापल्यास इंचाच्या सुमारें १३० व्या हिश्शाइतकी वाढते. ही वाढ डोळ्यांस दिसावयाची नाहीं. पण साखळी सुमारें ४०० वेळां मांडावयाची होती. उष्णमानांत २० अंशांचा फरक पडला, आणि तो जमेस धरिला नाहीं, तर शेवटीं सुमारें ५ फुटांची चूक होते! शिवाय दुसरी एक साखळी नमुन्यादाखल राखून ठेविली होती. कामाची साखळी तिच्याशीं ताडून पाहत.

एवढ्यानेंहि लॅम्ब्टन ह्यांचें समाधान झालें नाहीं. १८०४ सालीं त्यांनीं बंगळूरजवळ दुसरी रेषा प्रत्यक्ष मोजली. त्रिकोणांच्या गणितानें तिची जी लांबी निघाली होती, तिच्यांत व ह्या मापांत चार इंचांहूनहि कमी फरक पडला. पुढें मोजणी मलबारच्या किनाऱ्यास पोंचली, तेव्हां द्वीपकल्पाची रुंदी जुन्या नकाशांतल्याप्रमाणें ४०० मैल नसून ३६० मैलच असल्याचें आढळून आलें. चाळीस मैल भूमि केवळ कागदावर होती!

कोन मोजण्याचें थिओडोलाइट यंत्र सुमारें अर्धा टन वजनाचें असून त्याच्या वर्तुळाचा व्यास ३ फूट होता. इंग्लंडाहून येतांना तें ज्या जहाजावर होतें तें फ्रेंचांनीं पकडून मॉरिशसला नेलें; परंतु यंत्र शास्त्रीय कामाचें आहे हें कळतांच त्यांनीं तें सौजन्यानें पुढें पाठविलें. खरी परीक्षा पुढेंच होती. १८०८ सालीं तंजावरच्या भव्य मंदिरावर हें यंत्र चढवीत असतां आधाराचा एक दोर तुटला, यंत्र भिंतीवर आदळलें व त्याचें वर्तुळ वांकलें. तसेंच वापरावें, तर पुढील प्रत्येक कोन खोटा ठरणार. नवें मागवावें, तर तें समुद्रमार्गें येईपर्यंत काम बंद. लॅम्ब्टन ह्यांनीं यंत्र सुटें केलें, निवडक कारागिरांसह स्वतःस तंबूंत कोंडून घेतलें, आणि पाचरी, मळसूत्रें व कप्प्या ह्यांच्या साह्यानें तें वर्तुळ केसभर केसभर ओढून सुमारें सहा आठवड्यांत पूर्ववत् केलें. पुढें अनेक वर्षें मोजणी त्याच यंत्रानें चालली.

हें काम एकट्याचें नव्हतें, हेंहि सांगितलें पाहिजे. निशाणें धरणारे, साखळी मांडणारे, तें अवजड यंत्र डोंगरांवर वाहून नेणारे असे कितीतरी हिंदी लोक त्यांत राबले. जंगलांतील तापानें त्यांतील अनेकांचे बळी घेतले. त्यांचीं नांवें आज कोणास ठाऊक नाहींत.

१८१७ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीनें लॅम्ब्टन ह्यांस आपले सभासद करून घेतलें. तोंपर्यंत द्वीपकल्पाच्या दक्षिण टोंकापासून बिदरच्या भागापर्यंत सुमारें १० अंशांची मोजणी झाली होती. वय सत्तरीस टेकलें तरी त्यांनीं काम सोडलें नाहीं. हैदराबादेहून नागपुराकडे तळ हलवीत असतां जानेवारी १८२३ मध्यें हिंगणघाट येथें त्यांचा अंत झाला. आपल्या वर्धा जिल्ह्यांतील त्या गांवींच त्यांची कबर आहे. एव्हरेस्ट ह्यांनीं तीच मोजणी पुढें हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेली. मग ह्याच खात्यांतील बंगाली गणिती राधानाथ सिकदार ह्यांनीं १८५२ सालीं सर्वोच्च शिखराच्या उंचीचें गणित केलें. १८५६ सालीं ती २९,००२ फूट म्हणून प्रसिद्ध झाली. उपग्रहांच्या साह्यानें केलेल्या मोजणीनंतर २०२० सालीं ती ८,८४८.८६ मीटर जाहीर झाली. दोहोंतील अंतर फक्त सुमारें ३० फूट आहे.

विद्यार्थिमित्रहो, प्रयोगशाळेंत तुम्हीं घेतलेलें माप व पुस्तकांतील आंकडा ह्यांत थोडा फरक पडला, तर तो खोडरबरानें पुसून टाकण्याचा मोह होतो. पण फरक लपविणाऱ्यास त्याचें कारण कधींच सांपडत नाहीं. पट्टी खरी आहे काय, वस्तु तापली होती काय, डोळा सरळ रेषेंत होता काय, हे प्रश्न विचारा. माप तीन वेळां घ्या आणि तिन्ही आंकडे लिहून ठेवा. पालकांसहि आमची विनंती आहे कीं, मुलानें उत्तर किती आणलें हें पाहतांना, तें त्यानें कसें मोजलें हेंहि एकदां विचारावें.