निकेलच्या भुकटीतून नोबेलपर्यंत

वनस्पती तुपाचा डबा भारतीय स्वयंपाकघरांत अनेक दशके नांदला. पातळ तेल घट्ट करण्याच्या या प्रक्रियेचे मूळ दक्षिण फ्रान्समधील एका प्रयोगशाळेत आहे. ती प्रयोगशाळा होती पॉल साबातिए या रसायनशास्त्रज्ञाची.

साबातिए यांचा जन्म ५ नोव्हेंबर १८५४ रोजी कार्कासोन येथे झाला. पॅरिसमध्ये मार्सेलँ बर्थेलो यांच्या हाताखाली काम करून १८८० मध्ये त्यांनी डॉक्टरेट मिळविली. १८८२ मध्ये ते तुलूझ येथे आले आणि तेथेच स्थिरावले.

१८९६ मध्ये आंरी म्वासाँ आणि शार्ल मूरू यांनी निकेलच्या बारीक भुकटीवरून अ‍ॅसिटिलीन वायू सोडून पाहिला, मात्र तो विषय पुढे नेला नाही. साबातिए यांनी तो धागा उचलला. धर्मगुरू असलेले सहकारी जाँ-बाप्तिस्त सँदरां यांच्यासह १८९७ मध्ये त्यांनी तापविलेल्या निकेलवरून एथिलीन आणि हायड्रोजन सोडले. एथेन तयार झाला. १९०१ मध्ये बेंझिनपासून सायक्लोहेक्झेन मिळाले. निकेल मात्र खर्ची पडत नव्हते. त्याच्या पृष्ठभागावर हायड्रोजनशी क्षणिक संयुग बनते व लगेच मोडते, असे स्पष्टीकरण साबातिए यांनी दिले. हा बंध फार घट्ट नको आणि फार सैलही नको, हे तत्त्व आजही त्यांच्या नावाने ओळखले जाते. याच पद्धतीचा विस्तार करून जर्मनीच्या विल्हेल्म नोर्मान यांनी १९०२ मध्ये तेल घट्ट करण्याचे पेटंट मिळविले.

१९०७ मध्ये म्वासाँ आणि बर्थेलो यांच्या रिक्त जागांसाठी पॅरिसहून आलेले बोलावणे साबातिए यांनी नाकारले. १९१२ चे रसायनशास्त्राचे नोबेल त्यांना व्हिक्टर ग्रिन्यार यांच्यासोबत विभागून मिळाले. सँदरां यांना मात्र त्यात स्थान नव्हते. १९०५ चे झेकर पारितोषिक दोघांना मिळाले असल्याने हे वगळणे अधिकच बोचरे ठरले. दीर्घ सहकार्याचा शेवट कटुतेत झाला.

१४ ऑगस्ट १९४१ रोजी तुलूझमध्येच साबातिए यांचे निधन झाले. धातू जितका बारीक, तितका पृष्ठभाग अधिक, हेच आजच्या नॅनो उत्प्रेरकांचे सूत्र आहे. एक सेंटिमीटरच्या घनाचे दहा नॅनोमीटरचे घन केले, तर सहा चौरस सेंटिमीटरचा पृष्ठभाग सहाशे चौरस मीटर होतो. कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनपासून पाणी व मिथेन बनविणारी साबातिए अभिक्रिया तर २०१० मध्ये अंतराळ स्थानकातही पोहोचली. तुलूझ सोडायला नकार देणाऱ्या या संशोधकाचे नाव असे पृथ्वीबाहेर गेले.