वादळाला ‘सायक्लोन’ हे नाव देणारा माणूस: हेन्री पिडिंग्टन

३ जून २०२० ची दुपार मला अजून आठवते. ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकत होतं आणि इकडे जळगाव जिल्ह्यात आम्ही मोबाईलवर उपग्रहाचं चित्र सारखं रिफ्रेश करत होतो. समुद्र इथून किती लांब! पण वादळाच्या वाटेची रेघ उत्तर महाराष्ट्राकडे वळलेली होती आणि बागेत घड लागलेली केळी उभी होती. केळी आडवी करायला अख्खं चक्रीवादळ लागत नाही, त्याचं शेपूटही पुरतं.

ती रेघ काढायची कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली असेल, हे शोधायला बसलो आणि जुन्या कोलकात्याच्या एका माणसापाशी पोचलो.

हेन्री पिडिंग्टन यांचा जन्म १७९७ चा, इंग्लंडमधला. तरुणपण व्यापारी जहाजांवर गेलं, कप्तानही झाले. पुढे कोलकात्यात स्थायिक झाले आणि तिथे भूगर्भविषयक संग्रहालयाचं काम पाहू लागले. जहाजांच्या अपघातांची चौकशी करणाऱ्या न्यायालयाचे ते अध्यक्षही होते. म्हणजे बुडालेल्या जहाजांच्या कहाण्या त्यांच्या टेबलावरच येत.

त्या काळी ना उपग्रह, ना रडार. वादळ वरून कुणी पाहिलेलंच नव्हतं. मग पिडिंग्टन यांनी काय केलं? जहाजांच्या नोंदवह्या गोळा केल्या. कुठल्या तासाला जहाज कुठे होतं, वारा कुठून येत होता, हवेचा दाब किती उतरला, हे सगळं नकाशावर मांडायचं. एका वहीतून काही कळत नाही, पण एकाच वादळात सापडलेल्या दहा जहाजांच्या वह्या शेजारी ठेवल्या की वारा गोल फिरताना दिसतो. आजच्या भाषेत सांगायचं तर हे चक्क क्राउडसोर्सिंग होतं!

१८४५ मध्ये मॉरिशसजवळ ‘चार्ल्स हेडल’ नावाचं जहाज वादळात सापडलं आणि वाऱ्याबरोबर कित्येक दिवस पळत राहिलं. पिडिंग्टन यांनी त्याची वाट नकाशावर काढली, तेव्हा ते वादळाच्या केंद्राभोवती पुन्हा पुन्हा घिरट्या घालत होतं असं निघालं. १८४८ मध्ये त्यांनी खलाशांसाठी पुस्तक लिहिलं. त्यात वेटोळं घातलेल्या सापावरून, ग्रीक शब्दाच्या आधाराने, त्यांनी ‘सायक्लोन’ हा शब्द सुचवला. जगभर तोच चालला.

पुस्तकासोबत पारदर्शक चकत्या होत्या, त्यांवर गोल फिरणाऱ्या वाऱ्याच्या खुणा. चकती नकाशावर ठेवायची, आपल्या जहाजावरचा वारा जुळवायचा, की वादळाचं केंद्र कोणत्या दिशेला आहे ते कळायचं. सोपा नियम असा: आपल्याकडे, म्हणजे उत्तर गोलार्धात, वाऱ्याकडे तोंड करून उभं राहिलात तर केंद्र साधारण उजव्या हाताला असतं. खलाशाच्या खिशातलं हे ॲपच म्हणा ना.

पण खरी गोष्ट पुढे आहे. इंग्रज सरकारला सुंदरबनात, मातला नदीवर नवं बंदर उभारायचं होतं. १८५३ मध्ये पिडिंग्टन यांनी गव्हर्नर जनरल डलहौसी यांना उघड पत्र लिहून बजावलं की चक्रीवादळ आलं की समुद्राचं पाणी उचलून आत घुसेल आणि ही जागा बुडेल. वारा पाण्याला किनाऱ्याकडे ढकलतो, उथळ समुद्रात त्याला पसरायला जागा नसते, म्हणून पातळी चढते. याला आज आपण वादळी लाट म्हणतो.

कुणी ऐकलं नाही. १८५८ मध्ये पिडिंग्टन वारले. पोर्ट कॅनिंग झालं, रेल्वेही पोचली. नोव्हेंबर १८६७ मध्ये चक्रीवादळ आलं, पाणी आत शिरलं आणि बंदराची वाताहत झाली. काही वर्षांत ते सोडूनच द्यावं लागलं. त्याआधी १८६४ मध्ये खुद्द कोलकात्याला भयंकर वादळाने झोडपलं होतं. अशा संकटांनंतर १८७५ मध्ये भारतीय हवामान खातं स्थापन झालं.

आज उपग्रह, समुद्रातले बोये, डॉप्लर रडार आणि महासंगणक आहेत. तरी पद्धत तीच: अनेक ठिकाणच्या नोंदी एकत्र आणायच्या आणि त्यातून वादळ उभं करायचं. वाट आता बऱ्यापैकी सांगता येते. किनाऱ्याजवळ येताना जोर अचानक किती वाढेल, हे सांगणं मात्र अजून अवघड जातं. ‘निसर्ग’ १ जूनला फक्त कमी दाबाचा पट्टा तीव्र झालेला होता, दोनच दिवसांत ते तीव्र चक्रीवादळ झालं. जमिनीवर आल्यावर गरम समुद्राची वाफ मिळेना, म्हणून जोर ओसरला.

त्यामुळे पुढच्या वेळी फोनवर इशारा आला तर आधी बुलेटिनची वेळ बघा, सहा तासांपूर्वीचा फॉरवर्ड कामाचा नाही. नकाशावर फक्त मधली रेघ बघू नका, तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा बघा, वादळ त्यात कुठूनही जाऊ शकतं. आणि रंग पिवळ्याचा नारिंगी झाला की केळीला बांबूचा टेकू द्यायला, मोटारीचं स्टार्टर बंद करायला उठा.

पिडिंग्टन यांचा अंदाज बरोबर होता. कमी पडलं ते ऐकणारं माणूस. आता तो इशारा तुमच्या खिशात वाजतो, एवढाच फरक आहे.