जोहराच्या बांगड्या आणि कलाम साहेबांचं ‘अग्नी’

नायगावातल्या आपल्या पोरांना कलाम साहेब राष्ट्रपती म्हणून माहीत आहेत. पण रॉकेटच्या कामासाठी त्यांची निवड झाली ती याच मुंबईत.

जन्म 15 ऑक्टोबर 1931, रामेश्वरम. वालिद जैनुलाब्दीन नाव चालवायचे. मद्रासला इंजिनिअरिंगची फी भरायला पैसे नव्हते, तेव्हा बहीण जोहराने सोन्याच्या बांगड्या आणि साखळी गहाण ठेवली. पुढे मुंबईत विक्रम साराभाईंनी मुलाखत घेऊन त्यांना निवडलं.

10 ऑगस्ट 1979 ला त्यांचं एसएलव्ही-3 समुद्रात कोसळलं. 18 जुलै 1980 ला ते यशस्वी झालं. त्याचाच घन इंधनाचा पहिला टप्पा पुढे ‘अग्नी’ला लावला, दुसरा टप्पा द्रव इंधनाचा होता. दोनदा उड्डाण थांबवावं लागलं, शेवटी 22 मे 1989 ला ते उडालं. पण द्रव इंधन भरण्यात वेळ जातो. घन इंधन आधीच भरून तयार असतं. म्हणून ‘अग्नी-2’चे दोन्ही टप्पे घन इंधनाचे केले. 11 एप्रिल 1999 ला ओडिशातल्या ज्या बेटावरून ते झेपावलं, त्याला आज कलामांचंच नाव आहे.

27 जुलै 2015 ला शिलाँगला विद्यार्थ्यांसमोर बोलतानाच ते कोसळले आणि त्यांचा इंतकाल झाला. फीपायी एखाद्या हुशार मुलाचं किंवा मुलीचं शिक्षण अडत असेल, तर मोहल्ल्याने जोहराला आठवावं.