सॉमरलेड

सॉमरलेड (मृत्यू: इ.स. ११६४) हा बाराव्या शतकातील एक सागरी सत्ताधीश होता. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील अर्गाइल व किंटायर हे प्रदेश आणि हेब्रिडीज द्वीपसमूहातील अनेक बेटे त्याच्या अमलाखाली होती. मॅकडोनाल्ड, मॅकडुगल आणि मॅकअ‍ॅलिस्टर ही स्कॉटिश कुळे त्याला आपला मूळपुरुष मानतात. तो गेल वंशाचा की नॉर्स म्हणजे व्हायकिंग वंशाचा, हा त्याच्या चरित्रातील सर्वाधिक चर्चिला गेलेला प्रश्न आहे.

पार्श्वभूमी

इ.स. ७९५ मध्ये व्हायकिंगांनी आयोना बेटावरील ख्रिस्ती मठावर पहिला हल्ला केला. पुढे लुटीसाठी आलेले हे दर्यावर्दी बेटांवरच स्थायिक झाले, स्थानिक गेल कुटुंबांशी त्यांचे विवाहसंबंध जुळले आणि एक मिश्र समाज उदयास आला. इ.स. १०९८ च्या सुमारास स्कॉटलंडचा राजा एडगर आणि नॉर्वेचा राजा मॅग्नस बेअरफूट यांच्यात तह होऊन बेटे नॉर्वेकडे व मुख्य भूमी स्कॉटलंडकडे अशी वाटणी झाली. बेट म्हणजे ज्याभोवती जहाज फिरवता येते तो भूभाग, अशी अट असल्याने मॅग्नसने आपले जहाज चिंचोळ्या संयोगभूमीवरून ओढत नेले आणि किंटायर द्वीपकल्पावरही हक्क सांगितला, अशी कथा नॉर्स सागांमध्ये येते. कथा खरी असो वा नसो, ही सीमा किती लवचीक होती हे तिच्यातून चांगले कळते. सॉमरलेडचे सारे आयुष्य याच सीमेवर गेले.

नाव व वंश

सॉमरलेड हे नाव प्राचीन नॉर्स भाषेतील असून त्याचा अर्थ उन्हाळ्यात प्रवासाला निघणारा, म्हणजे पर्यायाने व्हायकिंग, असा होतो. गेलिक भाषेत त्याचे रूप सॉर्ली असे झाले. त्याच्या वडिलांचे नाव गिलब्राइड व आजोबांचे गिलअ‍ॅडमनन होते. ही दोन्ही नावे शुद्ध गेलिक आहेत आणि ती संतांच्या नावांवरून आलेली आहेत. त्याच्या जन्माचे वर्ष व स्थळ यांची नोंद उपलब्ध नाही. उत्तरकालीन गेलिक वंशावळी त्याचे घराणे आयर्लंडमधील पौराणिक राजा कोला वाइस याच्यापर्यंत नेतात. अशा वंशावळी बहुधा राज्याधिकाराच्या समर्थनार्थ रचल्या जात, हे ध्यानात ठेवूनच त्या वाचाव्या लागतात.

सत्तेचा उदय

सॉमरलेडचा विवाह बेटांचा नॉर्स राजा ओलाफ गॉडरेडसन याची कन्या रॅगनहिल्ड हिच्याशी झाला. ओलाफची राजधानी आइल ऑफ मॅन येथे होती. इ.स. ११५३ मध्ये ओलाफच्या पुतण्यांनी त्याचा खून केला. त्यानंतर त्याचा मुलगा गॉडरेड नॉर्वेहून परतला व गादीवर बसला. परंतु त्याच्या कारभाराला सरदार लवकरच विटले. थॉरफिन नावाच्या सरदाराने सॉमरलेडकडे येऊन त्याचा मुलगा डुगल याला राजा करण्याची मागणी केली. डुगल हा आईकडून ओलाफचा नातू असल्याने या मागणीला नात्याचा आधार होता.

इ.स. ११५६ च्या जानेवारीत एपिफनी सणाच्या रात्री सॉमरलेड आणि त्याचा मेहुणा गॉडरेड यांच्या आरमारांची गाठ पडली. मोठ्या रक्तपातानंतरही निर्णय न लागल्याने दोघांनी बेटे वाटून घेतली. दोन वर्षांनी सॉमरलेड ५३ जहाजे घेऊन मॅनवर चालून गेला आणि गॉडरेडला नॉर्वेला पळून जावे लागले. मॅनच्या इतिवृत्तात या फाळणीलाच बेटांच्या राज्याच्या नाशाचे कारण मानले आहे.

जुन्या लोकप्रिय लेखनात सॉमरलेडचे चित्र नॉर्स लोकांना हाकलून लावणारा गेलिक वीर असे रंगवलेले आढळते. ते पटण्यासारखे नाही. त्याची पत्नी नॉर्स राजकन्या होती, त्याला बोलावणारा सरदार नॉर्स नावाचा होता आणि ज्या मुलासाठी तो लढला त्याचा हक्क नॉर्स आजोबांकडून आलेला होता. हा मुळात एका राजघराण्यातील वारसाकलह होता.

स्कॉटलंडशी संघर्ष व मृत्यू

स्कॉटलंडचा बालराजा चौथा माल्कम गादीवर येताच, इ.स. ११५३ मध्ये, सॉमरलेडने त्याच्याविरुद्धच्या उठावात भाग घेतला होता. इ.स. ११६० पर्यंत दोघांमध्ये समेट झालेला दिसतो. तथापि तो टिकला नाही. क्लाइड नदीच्या मुखाकडील प्रदेशात राजाचा कारभारी वॉल्टर फिट्झअ‍ॅलन याचे बळ वाढत होते. पुढील काळात स्कॉटलंडवर राज्य करणारे स्टुअर्ट घराणे याच वॉल्टरचे. या वाढत्या सत्तेचा धाक हे अखेरच्या मोहिमेचे एक कारण असावे.

इ.स. ११६४ मध्ये सॉमरलेड १६० जहाजांचा ताफा घेऊन क्लाइडमध्ये शिरला. त्याच्या सैन्यात अर्गाइल, किंटायर व बेटांवरील लोकांसह डब्लिनचे नॉर्सही होते. रेन्फ्रूजवळ झालेल्या लढाईत तो व त्याचा एक मुलगा मारला गेला. ग्लासगोच्या एका धर्मोपदेशकाने रचलेल्या लॅटिन काव्यात या विजयाचे श्रेय संत केंटिगर्न याला दिले आहे. त्याच वर्षी सॉमरलेडने डेरीच्या मठाधिपतीला आयोनाच्या मठाचे प्रमुखपद स्वीकारण्याची विनंती केली होती. ज्या मठावर कधीकाळी व्हायकिंग तुटून पडले, त्याच मठाची ही काळजी होती.

वंशज

गॉडरेडने मॅन परत मिळवले, पण इ.स. ११५६ मध्ये वाटणीला आलेली बेटे सॉमरलेडच्या मुलांकडे राहिली. डुगलपासून मॅकडुगल कुळ निघाले. रॅनल्डचा मुलगा डोनाल्ड याच्यावरून मॅकडोनाल्ड हे नाव आले. इ.स. १२६६ च्या पर्थच्या तहाने नॉर्वेने बेटांवरील हक्क सोडला. मॅकडोनाल्ड प्रमुखांकडील लॉर्ड ऑफ द आइल्स हे पद स्कॉटिश राजाने इ.स. १४९३ मध्ये काढून घेतले. आज ते ब्रिटिश सिंहासनाच्या वारसाकडे असते.

एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी ऑक्सफर्ड विद्यापीठातील ब्रायन साइक्स यांनी या कुळांतील पुरुषांच्या वाय गुणसूत्राचा अभ्यास केला. कुळप्रमुखांमध्ये आर१ए गटातील एकच समान प्रकार आढळला. हा गट ब्रिटनमध्ये विरळ, तर नॉर्वेत पुष्कळ आहे. (आर१ए भारतातही मोठ्या प्रमाणात आढळतो, मात्र भारतीय व नॉर्वेजियन शाखा हजारो वर्षांपूर्वीच विभक्त झाल्या आहेत.) त्यामुळे सॉमरलेडचा कोणी पितृवंशीय पूर्वज नॉर्स असावा, असे अनुमान काढले जाते. वाय गुणसूत्र केवळ पित्याकडून पुत्राकडे जाते. दहा पिढ्या मागे गेल्यास प्रत्येकाला १,०२४ पूर्वजांच्या जागा असतात आणि ही चाचणी त्यांपैकी एकाविषयीच सांगते. पित्याचे व आजोबांचे नाव गेलिक असलेल्या या पुरुषाची भाषा कोणती होती किंवा तो स्वतःला कोण समजत होता, हे तिच्यावरून ठरवता येत नाही.