पॅरिसचे पुबेल

युजेन पुबेल यांचा जन्म १८३१ साली फ्रान्समधील काँ या नगरात झाला. आरंभी ते कायद्याचे अध्यापक होते. १८८३ मध्ये पॅरिसचा कारभार त्यांच्या हाती आला. त्या वैभवशाली नगरीत लोक केरकचरा खुशाल रस्त्यावर टाकीत. पुबेल यांनी आज्ञा काढली, की प्रत्येक घरमालकाने झाकणाच्या पेट्या ठेवाव्यात; त्याही तीन! एकीत कुजणारा केर, दुसरीत कागद व चिंध्या, तिसरीत काचा, फुटकी भांडी आणि कालवांचे शिंपले. पॅरिसकरांना कालवे फार प्रिय!

घरमालक खर्चामुळे रागावले. पण खरे संकट ओढवले ते चिंध्या वेचून विकणाऱ्या गोरगरिबांवर. रस्त्यावरचा कचरा हीच त्यांची भाकर; ती आता पेटीत बंद झाली. त्यांची तक्रार गैरवाजवी होती, असे म्हणवत नाही. वृत्तपत्रांनी तर चेष्टेने पेटीलाच पुबेल यांचे नाव दिले.

पेट्या टिकल्या, कचऱ्याची वर्गवारी मात्र फारशी कोणी पाळली नाही. १९०७ मध्ये पुबेल कालवश झाले. चेष्टेतले ते नाव भाषेत रुजले. फ्रान्समध्ये कचऱ्याच्या पेटीला आजही ‘पुबेल’ असेच म्हणतात.