बाळंतिणींचा कैवारी डॉक्टर सेमेलवाइस

मंडळाच्या वर्धापनदिनाच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा चिटणीसबाईंचा आग्रह झाला तेव्हा मी प्रथम नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंत. पाककृती लिहावी, तर माझ्याहून सुगरण भगिनी मंडळात पुष्कळ आहेत. पण गेल्या वर्षी एका थोर माणसाची हकीकत माझ्या कानावर आली आणि तिने आमच्या घरातले सत्तर वर्षांचे एक शल्य काढून टाकले. तीच जशी समजली तशी सांगते.

माझी आई जन्मली आणि आठव्या दिवशी माझी आजी बाळंतज्वराने गेली. तेव्हापासून आई पांढऱ्या पायाची ठरली. आईला खाऊन आली, असे तिला येताजाता ऐकवीत. कोणाच्या बारशाला गेली तर ती दाराशीच बसे आणि पाळण्याला हात लावीत नसे. कोणी हात धरून आत नेले तरी काही निमित्त काढून बाहेर येई. आम्हांलाही तिची ती सवयच वाटत असे.

माझी थोरली मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. एका रात्री जेवताना तिने डॉक्टर इग्नाझ सेमेलवाइस यांची गोष्ट काढली. बाळंतज्वर हा शब्द ऐकून माझा हात ताटातच थांबला. मग मी तिच्याकडून सगळे चरित्र नीट समजून घेतले.

सेमेलवाइस यांचा जन्म 1 जुलै 1818 रोजी हंगेरीतील बुडा येथे झाला. हे बुडा आणि नदीपलीकडचे पेस्ट मिळून पुढे 1873 साली बुडापेस्ट शहर झाले. वडील किराणा मालाचे व्यापारी आणि घरात दहा भावंडे. वडिलांच्या इच्छेने इग्नाझ कायदा शिकायला व्हिएन्नाला गेले, पण मन वैद्यकीकडे ओढले. 1844 साली ते डॉक्टर झाले आणि 1846 च्या जुलैत व्हिएन्नाच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात प्रसूतिविभागाचे साहाय्यक म्हणून लागले.

त्या रुग्णालयात बाळंतिणींचे दोन विभाग होते. पहिल्यात डॉक्टरीचे विद्यार्थी शिकत, दुसऱ्यात सुईणी शिकत. येणाऱ्या बायका बहुतेक गोरगरीब, कित्येक तर लग्नावाचून दिवस गेलेल्या आणि घरच्यांनी टाकलेल्या. एक दिवस पहिल्या विभागात भरती, दुसऱ्या दिवशी दुसऱ्यात, अशी पाळी असे. पहिल्या विभागात शंभर बाळंतिणींपैकी सुमारे दहा मरत आणि सुईणींच्या विभागात शंभरात चारही मरत नसत. ही गोष्ट गावभर झाली होती. पहिल्या विभागाची पाळी आली की बायका गुडघे टेकून रडत आणि दुसरीकडे पाठवा म्हणून विनवीत. काही जणी तर वाटेत रस्त्यावरच बाळंत होत, आणि नवल असे की त्यांना हा ताप क्वचितच येई.

तरुण डॉक्टरांना या मरणांनी झोप लागेना. वरचे लोक म्हणत, हवा दूषित आहे, गर्दी फार आहे. पण हवा दोन्हीकडे एकच होती आणि गर्दी तर सुईणींकडेच जास्त होती. त्यांनी एकेक गोष्ट ताडून पाहिली. सुईणींकडे बायकांना कुशीवर निजवून बाळंत करीत, तसे पहिल्या विभागातही करून पाहिले. मरणाऱ्या बाईसाठी धर्मगुरू घंटा वाजवीत वॉर्डातून जात. त्या आवाजाने बाकीच्या हाय खात असतील म्हणून घंटा बंद केली आणि त्यांची वाटही बदलली. कशानेही फरक पडला नाही.

मार्च 1847 मध्ये ते व्हेनिसहून सुट्टी संपवून परतले, तो त्यांचे स्नेही डॉक्टर कोलेच्का वारल्याची बातमी कळली. प्रेत तपासत असताना एका विद्यार्थ्याची सुरी त्यांच्या बोटाला लागली होती. तेवढ्या जखमेने ताप भरून ते गेले. त्यांच्या शरीराच्या तपासणीत जी लक्षणे निघाली ती बाळंतज्वराने मेलेल्या बायकांसारखीच होती. मित्राचे दुःख तर होतेच, पण त्यातूनच डॉक्टरांच्या डोक्यात प्रकाश पडला. विद्यार्थी आणि डॉक्टर सकाळी प्रेते चिरून शिकत, हात वरवर धुवीत आणि तसेच बाळंतिणी तपासायला येत. प्रेताचा अंश त्यांच्या हातांवर येत होता. सुईणी प्रेताला शिवत नव्हत्या, म्हणून त्यांच्याकडे मरणे कमी होती.

भगिनींनो, या ठिकाणी मला त्या माणसाचे मोठेपण दिसते. ते स्वतः इतरांपेक्षा जास्त प्रेते तपासत असत. म्हणजे मरणाऱ्या कित्येक बायकांना मरण त्यांच्याच हातून आले होते. हे त्यांनी लपविले नाही. आपल्यामुळे किती जणी गेल्या याचा हिशेब देवालाच ठाऊक, असे त्यांनी उघड लिहून ठेवले. स्वयंपाकात मीठ जास्त पडले तरी आपण दुसऱ्याचे नाव पुढे करतो!

मे 1847 पासून त्यांनी क्लोरीनच्या चुन्याच्या पाण्याने हात धुण्याची सक्ती केली. आपण विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकतो, त्याच जातीचा तो पदार्थ. प्रेताचा वास साबणाने जात नसे तो याने जाई, म्हणून त्यांनी तो निवडला. एप्रिलमध्ये शंभरात अठरा बायका मेल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण दोनच्या आसपास आले. पुढच्या 1848 साली दोन महिने असे गेले की एकही बाळंतीण दगावली नाही.

मध्यंतरी एकदा बारा बायकांपैकी अकरा जणी गेल्या. शोध घेता कळले की त्या रांगेत पहिली बाई गर्भाशयाच्या सडलेल्या रोगाने आजारी होती. तिला तपासून डॉक्टरांनी नुसत्या साबणाने हात धुतले होते. तेव्हा रोग जिवंत माणसाकडूनही हातांवर येतो हे त्यांनी ओळखले आणि प्रत्येक बाईला तपासल्यावर हात धुण्याचा नियम केला.

एवढे होऊनही त्यांचे कौतुक झाले नाही. आपलेच हात मरण वाहतात हे मोठ्या डॉक्टरांना रुचेना. रोगजंतूंची ओळख तोवर पटलेली नव्हती. सेमेलवाइस यांनीही कित्येक वर्षे आपला शोध नीट लिहून प्रसिद्ध केला नाही, ही त्यांची चूकच म्हणावी लागेल. 1849 साली त्यांची नोकरी संपली आणि 1850 मध्ये ते मनाने खचून मायदेशी परतले. पेस्टच्या रुग्णालयात सहा वर्षांत 933 बाळंतपणांत या तापाने फक्त 8 बायका गेल्या. 1857 साली त्यांचे लग्न झाले. पाच मुले झाली, त्यांतली दोन तान्हेपणीच गेली. 1861 साली त्यांचा मोठा ग्रंथ निघाला, पण पुष्कळांनी त्याची हेटाळणी केली. मग त्यांनी नामांकित डॉक्टरांना जाहीर पत्रे लिहून खुनी म्हणण्यापर्यंत मजल गेली. हळूहळू मनाचा तोल गेला. जुलै 1865 मध्ये त्यांना फसवून व्हिएन्नाच्या वेड्यांच्या इस्पितळात नेले. तेथे मारहाण झाल्याच्या खुणा त्यांच्या अंगावर आढळल्या. जखम चिघळली आणि 13 ऑगस्ट 1865 रोजी, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, ते रक्त दूषित होऊन गेले. ज्या प्रकारच्या विषापासून हजारो बाळंतिणींना वाचविण्यासाठी ते झगडले, त्यानेच त्यांना नेले.

पुढे 1879 साली पाश्चर यांनी बाळंतज्वराचे जंतू दाखवून दिले. सेमेलवाइस खरे ठरले, पण ते ऐकायला ते नव्हते. आता बुडापेस्टच्या वैद्यकीय विद्यापीठाला त्यांचे नाव आहे.

ही हकीकत मी आईला जाऊन सांगितली. आजीच्या बाळंतपणाला आलेली सुईण दोन दिवस आधी शेजारच्या वाडीत एका तापलेल्या बाळंतिणीकडे गेली होती, हे आईने मोठ्यांकडून ऐकलेले होते. पण त्याचा अर्थ कोणी कधी लावला नव्हता. आई बराच वेळ गप्प बसली. मग तिने विचारले, त्या सुईणीला हे ठाऊक असेल का. मी म्हटले, तिला कोण सांगणार? ती बिचारी रात्री-अपरात्री कंदील घेऊन धावत येई आणि शेरभर धान्यावर समाधान मानी. व्हिएन्नात हात धुवायला लागून शंभर वर्षे झाली होती, पण ते ज्ञान आमच्या गावच्या वेशीत आले नव्हते. दोष सुईणीचा नव्हे, आणि आठ दिवसांच्या पोरीचा तर मुळीच नव्हे.

आपल्या मंडळातल्या बहुतेकींच्या घरी सुना-लेकींची बाळंतपणे होतात. आता ती दवाखान्यात होतात हे खरे, तरी पुढचा सव्वा महिना बाळंतीण आपल्याच हाती असते. तिला आणि बाळाला हात लावण्यापूर्वी बांगड्या वर सारून, नखे कापून, साबणाने चोळून हात धुवा आणि स्वच्छ कापडाला पुसा. पाहुण्यांनाही सांगा, भीड धरू नका. बाळंतिणीला ताप भरला, पोटात दुखले किंवा अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आला, तर दृष्ट काढीत बसू नका. त्याच घटकेला दवाखाना गाठा. आणि कुठे बाळंतीण दगावलीच, तर त्या लेकराला बोल लावू नका.

गेल्या वैशाखात माझ्या भाचीच्या मुलाचे बारसे झाले. आई नेहमीप्रमाणे दाराशी बसली होती. थोड्या वेळाने ती आपण होऊन उठली, मोरीत जाऊन कोपरापर्यंत हात धुऊन आली आणि पाळण्यातल्या बाळाला तिने उचलून घेतले. सत्तरीत पहिल्यांदा.