स्टीफन हिस्लॉप

स्टीफन हिस्लॉप (जन्म : ८ सप्टेंबर १८१७, डन्स, स्कॉटलंड, मृत्यू : ४ सप्टेंबर १८६३, टाकळघाट परिसर, नागपूर) हे स्कॉटिश ख्रिस्ती धर्मप्रसारक, शिक्षक आणि भूशास्त्राचे अभ्यासक होते. फ्री चर्च ऑफ स्कॉटलंडच्या वतीने ते १८४५ मध्ये नागपुरात आले, तेव्हा तेथे भोसल्यांचे राज्य होते. धर्मप्रसार व शाळा हे त्यांचे नेमलेले काम. जीवाश्म गोळा करणे हा फावल्या वेळचा उद्योग. पण विदर्भाच्या भूशास्त्राचा पाया त्यातूनच घातला गेला.

भूशास्त्रीय कार्य

जीवाश्मांवरून खडकांच्या थरांचा काळ ठरविण्याची पद्धत तेव्हा युरोपात रूढ झाली होती. ज्युरासिक काळासाठी तिचा मुख्य आधार म्हणजे अमोनाइट हे वेटोळ्या शंखाचे सागरी प्राणी. देव्हाऱ्यातील शाळिग्राम हा बहुधा अमोनाइटचाच जीवाश्म असतो. त्यांच्या जाती झपाट्याने बदलत आणि समुद्रातून दूरवर पसरत. त्यामुळे एका जातीवरून परस्परांपासून लांब असलेले थर समकालीन ठरविता येतात. कच्छमध्ये ते विपुल आहेत. नागपूर परिसरातील जीवाश्मयुक्त थर मात्र नद्या व तळ्यांत साचलेले असल्याने तेथे अमोनाइट नाहीत. हिस्लॉप यांना गोड्या पाण्यातील गोगलगायी, मासे आणि पाने यांवर विसंबावे लागले.

सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी टाकळी येथे काळ्या पाषाणाच्या दोन थरांमधील गाळातून शंख, फळे, बिया, लाकूड आणि भुंगेऱ्यांचे पंखही मिळविले. मांगली येथील उभयचराच्या कवटीला रिचर्ड ओवेन यांनी १८५५ मध्ये ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स हे नाव दिले. त्याच वर्षी लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीच्या नियतकालिकात हिस्लॉप व हंटर यांचा नागपूरच्या भूरचनेवरील निबंध प्रसिद्ध झाला.

कालनिर्णयात त्यांची चूक झाली. प्राणहितेकाठच्या कोटा येथील चुनखडकाचा काळ माशांच्या जीवाश्मांवरून ज्युरासिक ठरला होता, आणि तो आजही मान्य आहे. कामठी परिसरातील ग्लॉसोप्टेरिसची पाने असलेला वालुकाश्मही त्यांनी त्याच काळात बसविला. तो त्याहून बराच जुना, पर्मियन काळातील ठरला. टाकळीचे थर त्यांनी इओसीन मानले. ते क्रिटेशस काळाच्या अखेरचे, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचे आहेत. अमोनाइटसारखा साक्षीदार नसता तुलनेला पुरेसा आधारच नव्हता, हे लक्षात घेतले पाहिजे. त्यांचे नमुने मात्र पुढील संशोधकांना उपयोगी पडले.

अखेर

सप्टेंबर १८६३ मध्ये रिचर्ड टेंपल यांच्यासमवेत ते टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहण्यास गेले होते. जवळच्या बोरी गावातील शाळा तपासून संध्याकाळी घोड्यावरून परतताना पूर आलेल्या ओढ्यात बुडून त्यांचा मृत्यू झाला. गोंड व इतर आदिवासींविषयीची त्यांची टिपणे टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केली. नागपुरातील हिस्लॉप महाविद्यालय (स्थापना १८८३), हिस्लोपाइट हे हिरवट खनिज आणि गोड्या पाण्यातील हिस्लोपिया ही ब्रायोझोआ प्राण्यांची प्रजाती त्यांच्या नावाने ओळखली जाते.